'ओढाळ' म्हणजे नेमकं काय?

शब्दवेडी: मावसबहिणीच्या केळवणात मी चार ओळी लिहून वाचल्या. त्यात 'आमची ओढाळ ताई' असं होतं, म्हणजे माणसांची ओढ असलेली. मामी फिसकन हसली. "अगं, ओढाळ गुराला म्हणतात! लग्नाआधीच लोढणं बांधतेस का तिच्या गळ्यात?" माझा अर्थ चुकला का? आणि लोढणं कुठून आलं यात?

बांधावरचा: मामी बरोबर आहेत. ओढाळ म्हणजे माळावर चरायला सोडलं तरी ज्याचा डोळा शेजारच्या ज्वारीवर. दिवसभर गवतात तोंड घालून साळसूद उभं राहणार आणि गुराखी तंबाखू मळायला बसला की बांध ओलांडलाच म्हणून समजा. मग अशा जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात. तो पुढच्या पायांत येतो, गुडघ्यांवर आपटतो. चालता येतं, चरता येतं, पळता येत नाही. ते लोढणं.

मोकाट वेगळं बरं का. मोकाट जनावर मालकानं सोडलेलं, तिथे दोष मालकाचा. ओढाळपणा जनावराचा स्वतःचा. दावणीला बांधलेलं गुरू ओढाळ आहे की नाही हे कळत नाही, पुढ्यात टाकलेला कडबा सगळीच खातात.

पण ही जन्माची खोड नसते, लागलेली चव असते. आमच्या एका ओढाळ गाईची कालवड आईमागून बांध ओलांडायला शिकली. तिच्यासोबत पाहुण्यांची एक गरीब गाय चार महिने चरायला होती, जाताना तीही बिघडून गेली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या!

रानवाट: पशुवैद्यक म्हणून दुजोरा देतो. अमेरिकेत युटा स्टेट विद्यापीठातल्या फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी शेळ्या-मेंढ्या चरायला कशा शिकतात यावरच कित्येक वर्षं काम केलं. आईनं खाल्लेल्याची चव पिल्लाला दुधातून आधीच कळते, पुढे ते तिच्या तोंडाशी तोंड लावून चरतं. अनोळखी पाला जनावर आधी थोडासा चाखतं. पोट बिघडलं तर पुढच्या खेपेला टाळतं.

आपल्याकडची घाणेरी घ्या (काही ठिकाणी टणटणी). जिथे ती माजलीय तिथली गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. खातात ती बाहेरून आणलेली, नाहीतर दुष्काळात उपाशी असलेली. मग यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलून निघते.

आणि ओढाळ गुराला मोठा धोका कोवळ्या ज्वारीचा. पाण्याचा ताण बसलेली हिरवी पोंगी खाल्ली की पोटात सायनाइड तयार होतं, बघता बघता जनावर आडवं. 'किराळ लागली' म्हणतात ते हेच. ज्वारी पक्व होऊन वाळली की हे विष बरंच उतरतं, म्हणून त्याच ज्वारीचा वाळलेला कडबा निर्धास्त घालतो आपण. तेव्हा लोढण्याचा जाच वाटला तरी ते गुराच्याही भल्याचं.

शब्दवेडी: किराळ पहिल्यांदाच ऐकला! पण मग 'ओढाळ सूर', 'ओढाळ डोळे' हे कवितेत सर्रास असतं, ते?

कोकणी_काका: ओढ + आळ. रसाळ, मधाळ, केसाळ यांच्या पंगतीतला शब्द, त्यामुळे घसरायला सोपा. गंमत बघा: गुरू ओढाळ म्हणजे ते स्वतः ओढलं जातं. सूर ओढाळ म्हणजे तो आपल्याला ओढतो. बाण उलटा फिरलाय. मला ते खटकतं, पण रुळलंय, आता हाकलून उपयोग नाही. 'ओढाळ मन' मात्र अस्सल: कितीही हाका, परत त्याच पिकात. खानदेशात 'वढाय' म्हणतात.

जाता जाता, 'गोचर' शब्दही कुरणातलाच. गाय जिथे चरते ती जागा, मग इंद्रियं जिथवर पोचतात ते. गुजरातीत आजही गायरानाला गोचरच म्हणतात.

बांधावरचा: शेळीला मात्र कुणी ओढाळ म्हणताना ऐकलं नाही. ती सगळ्याला तोंड लावणार हे धरूनच चालतात!

शब्दवेडी: ओळ बदलली. आता 'माणसांत रमणारी ताई'. मामीनं पास केली, पण घरात ताईचं नाव ओढाळच पडलंय.