बाबांची शुगर रात्री ५८ झाली पण अलार्म वाजलाच नाही, दोष फोनचा की सेन्सरचा?

मनीमाऊ
मंडळी जरा मदत हवीये. बाबा ६८ वर्षांचे, टाइप २ डायबेटिस, रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. तीन आठवड्यांपासून दंडावर सतत शुगर मोजून फोनला पाठवणारा सेन्सर लावतोय, सध्या दुसरा चालू आहे. अ‍ॅप बाबांच्या फोनवर आणि मी माझ्या फोनवरून फॉलो करते, ७० च्या खाली गेलं की दोन्हीकडे अलार्म असं सेट केलेलं. परवा रात्री कुठेच काही वाजलं नाही आणि सकाळी बाबांनी अ‍ॅप उघडल्यावर ग्राफ बघते तर पहाटे ३ च्या सुमाराला ५८ पर्यंत जाऊन परत वर आलेलं, जवळजवळ ४० मिनिटं लाल रेषेखाली. माझ्या पोटात गोळाच आला. बाबा म्हणतात मी मस्त झोपलो होतो, घाम नाही थरथर नाही काही नाही. ग्राफ तर पूर्ण आहे, मध्ये कुठेही तुटलेला नाही, म्हणजे कनेक्शन होतं ना? मग वाजलं का नाही? आणि वर सकाळी बोटातून बघितलं तर ११२ आणि अ‍ॅपवर ९४. विश्वास कशावर ठेवायचा? आई म्हणतेय काढून टाका ते.

टाइप१वाला
ताई, ग्राफ पूर्ण दिसतोय म्हणून रात्री कनेक्शन होतं असं नाही. इथेच सगळे फसतात, मी पण फसलोय. बऱ्याच सेन्सरमध्ये काही तासांचं रीडिंग साठवून ठेवायची सोय असते, फोन परत जोडला गेला की मागचं सगळं ओततो आणि ग्राफ भरून येतो. सकाळी अ‍ॅप उघडल्यावर ते झालं असणार. रात्री अ‍ॅपच झोपलेलं असेल तर वाजवणार कोण, आणि सिग्नल तुटल्याचा अलार्म सुद्धा तेच अ‍ॅप देतं त्यामुळे तोही गप्प. तुमच्या फोनचं म्हणाल तर तुमच्याकडे थेट सेन्सरवरून काही येत नाही, आधी बाबांचा फोन मग इंटरनेट मग तुम्ही, त्यामुळे पहिली कडी तुटली की तुम्हालाही शांतता.

आता बाबांच्या फोनमध्ये बघा. बॅटरी सेटिंगमध्ये हे अ‍ॅप "मर्यादा नाही" वर टाका नाहीतर फोन स्वतःच त्याला बंद करतो. नोटिफिकेशनची परवानगी, डू नॉट डिस्टर्ब चालू असताना वाजायची वेगळी परवानगी, ब्लूटूथ चालू. फोन अपडेट झाला की हे सगळं परत तपासायचं, अपडेट कधीकधी गुपचूप काहीतरी बदलून ठेवतो. ब्लूटूथ इयरफोन जोडलेला राहिला तरी आवाज तिकडे जाऊ शकतो, माझा एकदा अलार्म ड्रॉवरमधल्या इयरफोनमध्ये वाजत होता 😄 हे फक्त तुमच्याच बाबतीत होतंय असं नाही, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२५ च्या फेब्रुवारीत खास याच विषयावर इशारा दिला होता की फोनच्या सेटिंगमुळे डायबेटिसच्या अ‍ॅपचे अलर्ट चुकतायत.

गोडघाशी
वरचं बरोबर आहे पण मला त्या ५८ बद्दलच शंका आहे. सेन्सर कुठल्या दंडावर आहे आणि बाबा कुठल्या कुशीवर झोपतात? अंगाखाली सेन्सर दाबला गेला की तिथला द्रव हटतो आणि रीडिंग खोटं खाली जातं. ग्राफचा आकार बघा, चांगलं सपाट चाललेलं असताना दगड पडावा तसं एकदम खाली, थोडा वेळ तिथेच आणि कूस बदलली की तसंच झटकन वर, तर बहुतेक दाबाचं आहे. हळूहळू उतरत गेलं असेल तर खरं धरा. अर्थात "बहुतेक" म्हणतोय, खात्री फक्त त्या वेळी बोटातून बघूनच होते. आणि घाम थरथर नाही यावर जाऊ नका, झोपेत कळत नाही आणि वयस्कर माणसांना जागेपणीही कधीकधी कळत नाही.

११२ आणि ९४ मध्ये काही भांडण नाही. सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, तिथे ती ५ ते १५ मिनिटं उशिरा पोचते. शुगर चढत असेल तर सेन्सर मागे राहणारच. माझे डॉक्टर १५-२० टक्क्यांचा फरक चालवून घेतात. नवीन सेन्सरचा पहिला दिवस तर मी मोजतच नाही.

मनीमाऊ
बापरे. डाव्या दंडावर आहे आणि बाबा आयुष्यभर डाव्याच कुशीवर झोपलेत 🙈 ग्राफ परत बघितला, खाली जाताना एकदम कडाच आहे पण वर येताना तिरका, त्यामुळे मला काही ठरवता येत नाहीये. आणि अलार्मचं कोडं सुटलं. बाबा रोज झोपताना सगळी अ‍ॅप वर सरकवून बंद करतात, "बॅटरी खातात" म्हणे. मीच शिकवलं होतं दोन वर्षांपूर्वी.

रात्रपाळी
ठरवता येत नसेल तर ग्राफ डॉक्टरांना दाखवाच, रात्रीच्या इन्सुलिनचा डोस तेच बघतील, आपण घरी कमीजास्त करायचं नाही. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून सांगते. अलार्म वाजला की शक्य असेल तर बोटातून बघा, पण बाबा गोंधळलेले वाटले किंवा मशीन हाताशी नसलं तर थांबू नका, १५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी बोटातूनच परत बघा. अ‍ॅपवर बघत बसू नका कारण रक्तात वाढलेली असते तरी अ‍ॅप अजून ६२ आणि खालचा बाण दाखवत राहतं. माझ्या नवऱ्याला मी असंच घाबरून तीनदा ग्लुकोज पाजलं आणि पहाटे २८० 🤦 तेव्हापासून मशीन, पट्ट्या आणि ग्लुकोज उशाशीच. हां आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, ग्लुकागॉन (शुगर पटकन वाढवणारं तातडीचं औषध) असेल तर ते आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स.

मनीमाऊ
अपडेट देते. सेटिंग सगळी बदलली, अ‍ॅप वर सरकवायचं नाही अशी चिठ्ठी बाबांच्या फोनच्या मागे चिकटवलीये. काल रात्री २:१० ला दोन्ही फोन एकदम बोंबलले, अख्खं घर जागं. अ‍ॅपवर ६४, बोटातून १०१. बाबा डाव्या कुशीवर होते. परवाच्या पहाटेचं मात्र अजून कळलेलं नाही, सोमवारी डॉक्टरांकडे दोन्ही ग्राफ घेऊन जातोय. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावू. आई आता म्हणतेय राहू दे ते, पण आवाज जरा कमी करता येतो का विचार 😂 नाही करत म्हटलं.