खोट्याला खऱ्याचा आधार लागतो
'सरकारं धडधडीत खोटं बोलून युद्ध गळी उतरवतात' असं म्हटलं जातं, ते पटतं, पण निव्वळ खोटं फार काळ टिकत नाही. जास्त चालतं ते खऱ्यावर चढवलेलं खोटं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावला, तिथे अत्याचार केले, हे खरंच होतं. पण अमेरिकन जनतेला दूरच्या, तेलाने गब्बर झालेल्या अमिरासाठी मुलं लढायला पाठवायची नव्हती. मग १० ऑक्टोबरला पंधरा वर्षांची एक मुलगी अमेरिकन खासदारांसमोर रडत म्हणाली, की इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधली बाळं काढून थंड फरशीवर टाकली. तेव्हाचे अमेरिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी ही गोष्ट भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितली. जानेवारीत सेनेटने युद्धाला मंजुरी दिली ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी, म्हणजे काठावरच. ती मुलगी कुवेतच्या राजदूताची कन्या होती आणि तिची साक्ष हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने बसवली होती, हे १९९२ मध्ये उघड झालं. तोवर युद्ध संपूनही गेलं होतं!

याची दुसरी बाजू मला जास्त भयानक वाटते. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या जर्मन अत्याचारांच्या खऱ्या बातम्यांत ब्रिटिशांनी मनगढंत किस्से मिसळले. नंतर ते उघडे पडले. परिणामी १९४२ मध्ये ज्यूंच्या कत्तलीच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा 'हाही प्रचारच असणार' म्हणून अनेकांनी त्या झटकून टाकल्या.