5 सेंटचं चौकोनी डच नाणं, मग पुडीवर "स्टायव्हर" का लिहिलंय?

महालकर
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. दिवाळीच्या सफाईत आजोबांची पत्र्याची पेटी उघडली तर एका पुडीत हॉलंडच्या तीन गोष्टी निघाल्या. एक चौकोनी नाणं, कोपरे गोलसर, साल 1913, एकीकडे फळं लागलेली फांदी अन् दुसरीकडे 5 सेंट. दुसरं 1967 चं 1 गुल्डन (हॉलंडचं युरोच्या आधीचं चलन), राणीचा चेहरा. अन् सूर्यफुलाची पिवळी 50 गुल्डनची नोट. पुडीवर आजोबांच्या अक्षरात "स्टायव्हर" लिहून आहे पण तो शब्द नाण्यावर कुठेच नाही. विकायचं नाहीये, फक्त समजून घ्यायचंय, कोणाला माहीत असेल तर सांगा ना.

तांब्याचा_पैसा
भाऊ, आजोबांनी बरोबरच लिहिलं. पूर्वी एका गुल्डनचे 20 स्टायव्हर व्हायचे अन् एका स्टायव्हरचे 8 डॉइट. 1816 च्या कायद्यानं एका गुल्डनला 100 सेंट असा हिशोब आला, मग विसावा हिस्सा म्हणजे नेमके 5 सेंट, म्हणून लोक त्याला स्टायव्हरच म्हणत राहिले, पार 2002 ला युरो हातात येईपर्यंत. 10 सेंटचं नावही तसंच, दुहेरी स्टायव्हर या अर्थाचं. आपल्याकडे 1957 ला आणे गेले पण माझी आई अजूनही काम पाऊण झालं की "बारा आणे झालं" म्हणते. फरक एवढाच की आपला आणा सव्वासहा पैशाचा, त्याचं सरळ नाणं निघणं शक्यच नव्हतं, म्हणून एक आणा मागे पडला अन् चार, आठ, बारा तेवढे तोंडात राहिले. स्टायव्हर पूर्ण आकड्यात बसला म्हणून टिकला, मला हे फार सुंदर वाटते.

बर्डीची_ताई
दादा, ती फांदी संत्र्याची आहे! डच राजघराणं ऑरेंज घराणं ना, म्हणून. घराण्याचं नाव खरं तर फ्रान्समधल्या ऑरेंज नावाच्या गावावरून आलं, फळावरून नाही, पण नाव जुळलं तसं फळही चिन्ह झालं. भिंगातून पानं पाहा अन् घासू नका, चिंच-लिंबू तर बिलकुल लावू नका.

तांब्याचा_पैसा
गुल्डनचं सांगायचं राहिलं. 1967 साली चांदीचं अन् निकेलचं अशी दोन्ही नाणी निघाली. चुंबक लावून पाहा, निकेल चिकटते, चांदी नाही. गंमत म्हणजे गुल्डन या शब्दाचा अर्थच सोन्याचं. नोट 1982 च्या डिझाइनची आहे, डच सेंट्रल बँक 1 जानेवारी 2032 पर्यंत बदलून देते, भाव ठरलेला, 2.20371 गुल्डनला एक युरो, म्हणजे तुमचे 22.69 युरो होतात. नाण्यांची मुदत मात्र 2007 लाच संपली.

महालकर
फ्रिजवरचं चुंबक लावलं, चिकटलं नाही!! म्हणजे चांदीच. अन् ताई, फांदीचं आईला सांगितलं तर ती एकदम गप्प झाली, मग म्हणे आजोबांची काटोलला संत्र्याची बाग होती, मी लहान असतानाच विकली. पुडीत चौकोनी नाण्यालाच वेगळा कापूस लावून ठेवलाय, हे आत्ता लक्षात आलं. नोट बदलणार नाही, पुडी आहे तशीच ठेवतो.

तांब्याचा_पैसा
ठेवा, पण पीव्हीसीच्या पाकिटात नको, नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. आजोबांचा कागद वेगळा जपा.