इंग्रजी निबंधात भारी शब्द घालूनही मुद्दा का पटत नाही?

प्रश्न:
आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या टास्क २ ची, म्हणजे निबंधाची, तयारी करतेय. ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट जवळजवळ पाठ झाली, तरी शेरा तोच: 'युक्तिवाद दिसत नाही.' नमुना देते: 'मोबाइल फोन्स शुड बी बॅन्ड इन स्कूल्स. मोअरओव्हर, दे आर डेट्रिमेंटल टू अ प्लेथोरा ऑफ स्टुडंट्स.' यात काय कमी आहे?

निबंध तपासणारी:
भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांची ती यादी (२००० साल, ५७० शब्दकुळं, म्हणजे एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ) विद्यापीठीय मजकुरात कोणते शब्द वारंवार येतात ते सांगते. युक्तिवाद बांधून देणं तिचं काम नाही. 'प्लेथोरा' तर तिच्यात नाहीच.

तुमचं पहिलं वाक्य म्हणजे दावा. 'मोअरओव्हर' वाचलं की वाटतं, एक कारण देऊन झालंय, आता दुसरं येतंय. पण पहिलं कारण आहे कुठे? वाचणारा तिथेच अडखळतो. तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये दावा आणि आधार यांच्यामधला दुवा वेगळा काढून दाखवला. फोन वाजला की अख्ख्या वर्गाचं लक्ष उडतं, हा आधार. वर्गातलं लक्ष जपणं शाळेची जबाबदारी आहे, हा दुवा. आपल्याला तो इतका उघड वाटतो की लिहायचाच राहतो. नेमका तोच लिहा, साध्या शब्दांत.

आणि 'ऑल', 'ऑलवेज' टाळा. एक अपवाद दाखवला की दावा कोसळतो. 'टेंड टू', 'मे', 'इन मेनी केसेस' यांनी दावा दुबळा होत नाही, उलट तो टिकतो.

आणखी एक परीक्षार्थी:
पण गुण देण्याच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपत्तीचा आहे, एकूण गुणांचा पाव हिस्सा त्याचा. साधं लिहून कसं चालेल?

निबंध तपासणारी:
पाव हिस्सा आहे, खरंय. पण तिथे नेमकेपणा आणि शब्दांच्या जोड्याही बघतात. 'पोझ अ थ्रेट', 'रेझ कन्सर्न्स' अशा जोड्या अचूक आल्या की वजन पडतं. मला सर्वांत आवडतात ती 'दिस ट्रेंड', 'दिस असम्प्शन' अशी नामं. मागचं अख्खं वाक्य एका शब्दात उचलून पुढे नेतात.

प्रश्नकर्ती:
असं चालेल? 'अ रिंगिंग फोन टेंड्स टू डिस्टर्ब द होल क्लास. दिस डिस्ट्रॅक्शन मॅटर्स बिकॉज स्कूल्स आर रिस्पॉन्सिबल फॉर प्रोटेक्टिंग स्टुडंट्स' अटेन्शन.'

निबंध तपासणारी:
उत्तम! आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा घ्या: अडीअडचणीला पालकांशी संपर्क. तो मान्य करा आणि मग सांगा, शाळेच्या ऑफिसातला फोन त्यासाठी पुरतो का.