मदत हवी आहे: मुलांना वटवाघूळ कसं दाखवावं? (संग्रहालयातला निसर्ग दिवस, खानापूर)

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या छोट्या संग्रहालयात वन्यजीव सप्ताहातल्या रविवारी मुलांसाठी, आईवडील आणि आजीआजोबांसकट, निसर्ग दिवस ठेवलाय. एरवी तिथं पायली, शेर, कणगी, कुळव असलं जुनं सामान असतं. चार खोल्या आणि मागं फणसाचं झाड असलेलं अंगण. साठेक माणसं येतील असं धरून चाललोय. प्राण्यांच्या पायांचे ठसे प्लास्टरमध्ये करून झालेत, पानांची ओळख एक शिक्षक घेणार आहेत. माझं घोडं अडलंय ते वटवाघळापाशी.

वटवाघूळच का, तर ते आमचं आहे म्हणून. भीमगड अभयारण्य (२०११ साली जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर) याच तालुक्यात येतं. तिथल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमध्ये रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट ही वटवाघळाची जात राहते. १९१३ साली शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली आणि पुढं कितीतरी वर्षं जगात दुसरीकडं कुठंच ती सापडली नव्हती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात मिळाली. मोठे पुढं झुकलेले कान, कपाळावर एकमेकांना जोडलेले, आणि मागच्या पायांमधल्या कातडीच्या पडद्याच्या बाहेर आलेली शेपटी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, म्हणजे वाघाच्या रांगेत. आमच्या पोरांना सिंह, जिराफ सगळं पाठ असतं, पण तासाभराच्या वाटेवरचा हा जीव माहीत नसतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

गेल्या रविवारी मी काळ्या कागदाचा मोठा पंख कापून भिंतीला लावून बघितला. आत बोटांची हाडं पांढऱ्या खडूनं काढली. शेजारची सहा वर्षांची पोर आजीबरोबर आली होती. तिनं आपला पंजा त्या पंखावर ठेवला, एकेक बोट जुळवत गेली आणि ओरडली, "ह्याला पण पाच बोटं हाईत की!" मला हेच तर हवं होतं. तेवढ्यात आजीनं तिचा हात मागं ओढला. "हात नको लावूस. घरात आलं की वाईट असतंय ते. आणि ताई, तुम्ही पण भिंतीला लावू नका बघा." पोर गप्प झाली आणि पुन्हा त्या भिंतीकडं गेलीच नाही.

आजीला खोटं पाडायचं नाहीये मला. त्यात करोनापासून लोकांच्या मनात वेगळीच भीती बसलीय. जिवंत प्राणी आणणार नाही, गुहेत कुणाला नेणार नाही, आणि वटवाघळाला हात लावायचा नाही हे मुलांना सांगणारच आहे. पण भीती न घालता, आजीचा मान ठेवून, हे कसं दाखवू? कुणी केलंय काय असं?

अजून दोन गोष्टी. पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत, सारख्याच अक्षरांत करतोय, कारण दोन्ही घरची पोरं येणार. त्यात मजा येतेय: आपलं खवल्या मांजर कन्नडमध्ये चिप्पु हंदी, साळिंदर म्हणजे मुळ्ळुहंदी. आपण मांजर म्हणतो, ते डुक्कर म्हणतात. पण या वटवाघळाच्या पाटीवर मराठीत काय लिहू? इंग्रजी नाव पोरांच्या तोंडी बसत नाही.

आणि एक मामा सांबराचं शिंग द्यायला तयार आहेत, रानात गळून पडलेलं. गळालेलं शिंगसुद्धा कायद्यानं ठेवता येत नाही हे त्यांना न दुखावता कसं सांगावं?

प्रतिसाद (चंदगडहून)

ताई, आमच्याकडं म्हातारी माणसं झाडाला लोंबकळणारं मोठं ते वटवाघूळ आणि तिन्हीसांजेला अंगणात किडे टिपत फिरणारी ती पाकोळी, असं वेगळं धरतात. तुमची गुहेतली किडे खाणारी, म्हणजे पाकोळीच्या गोतातली. पाटीवर 'बारापेडेची पाकोळी' लिहून बघा. पोरांना आंधळी कोशिंबीर खेळवा: डोळे बांधलेला 'पाकोळी' म्हणून हाक देणार, बाकीचे पतंग, त्यांनी लगेच 'पतंग' म्हणून ओ द्यायची. आवाजावरून पकडायचं. अंधारात प्रतिध्वनी ऐकून शिकार कशी होते ते न सांगता कळतं. मामांना शिंगाचं चित्र काढून द्यायला सांगा आणि ते कुठं दिसलं ती गोष्ट पोरांना सांगायला बसवा.

धागाकर्ती

फार आभार. आज संध्याकाळी त्या आजींकडं मुद्दाम गेले होते. पाकोळी म्हटल्यावर म्हणाल्या, "पाकोळी होय? मग तसं सांगायचं नव्हे काय. आमच्या माजघराच्या वाशाला असायच्या की." मग जुनं घर, कौलं, चिलटं, सगळं निघालं. रविवारी त्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसायला त्या तयार झाल्यात. मामांशी उद्या बोलते.