मदत हवी आहे: डॉ. कोटणीसांच्या चीनमधल्या समाधीचे फोटो

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, शाळेच्या प्रकल्पासाठी तिने विषय घेतलाय डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आपल्या सोलापूरकरांना अर्धा विषय घरचाच. भैय्या चौकातलं त्यांचं घर, जिथे आता स्मारक आहे, ते रविवारी बघून आलो. (फोटो मी काढले, त्यामुळे निम्म्यांत काचेत माझंच पोट दिसतंय.)

अडलंय ते पुढे. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले. वय फक्त ३२. समाधी शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. तिथेच छोटं संग्रहालय आहे. त्यांची शस्त्रक्रियेची काही अवजारं आणि बोटीच्या प्रवासात चिनी शिकताना त्यांनी लिहिलेली शब्दांची वही तिथे ठेवलीय.

या वहीने लेकीला झपाटलंय. "बाबा, चिनी शब्दांचे अर्थ त्यांनी मराठीत लिहिले असतील का इंग्रजीत?" जेवताना, झोपताना हेच. मी काय सांगणार, कप्पाळ!

तर नोकरीधंद्यानिमित्त कुणी तिकडे राहून आलं असेल, किंवा ओळखीचं कुणी असेल, तर समाधीचा आणि त्या वहीचा स्पष्ट फोटो मिळेल का? वहीचं एक पान वाचता आलं तरी पुरे. शुक्रवारी प्रकल्प द्यायचाय, म्हणून जरा घाई.