मंडपातला पेनड्राइव्ह: आवाज फाइलमध्येच सारखा करावा की नको?

कुडाळकर: चतुर्थी जवळ आली. पेनड्राइव्हवर एक भजन जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं, त्यामागे नवी रिमिक्स आरती. भजन ऐकू येईना म्हणून बटण फिरवावं, तर आरती कान फाडते. माझं मत: एमपी३ फाइलींचा आवाज सारखा करणाऱ्या एमपी३गेन या संगणकावरच्या प्रोग्रामने सगळं ८९ डेसिबलवर आणा. फोल्डर टाका, आधी ‘ट्रॅक ॲनॅलिसिस’, मग ‘ट्रॅक गेन’. पुन्हा एन्कोडिंग, म्हणजे गाणं नव्याने दाबून साठवणं, होत नाही. प्रत्येक फ्रेममधला, म्हणजे फाइलच्या छोट्या तुकड्यातला, गेनचा (आवाज चढ-उताराचा) आकडा तेवढा दीड-दीड डेसिबलच्या पायरीने बदलतो.

देवगडकर: मूळ फाइलला हात कशाला? रिप्लेगेन ही पद्धत २००१ पासून त्यासाठीच आहे. फूबार२००० या प्लेअरमध्ये स्कॅन करा, आकडा टॅगमध्ये (फाइलला जोडलेल्या माहितीच्या नोंदीत) बसतो, कमी-जास्त प्लेअर करतो. नको झालं तर टॅग पुसा. एमपी३गेनचं ‘अनडू’सुद्धा टॅगवरच चालतं, तो कुणी साफ केला की बसा.

कुडाळकर: दादा, टॅग वाचणार कोण? मंडपातल्या ॲम्प्लिफायरचं यूएसबी कार्ड बहुतेक वेळा टॅगकडे बघतही नाही. मूळ संग्रह घरी ठेवा, बदल पेनड्राइव्हच्या कॉपीत करा.

वेंगुर्ल्याचो: ता खरा. पण डबलबारीवर (दोन बुवांच्या भजनसामन्यावर) ‘ट्रॅक गेन’ लावू नका रे! बारीचे तुकडे केलेले असतात. रूपावली संथ, गजर टिपेला. ट्रॅकनुसार केलंत तर दोन्ही एकाच पातळीवर, म्हणजे बुवांनी चढवत नेलेलं सगळं सपाट. एका बारीचा एक फोल्डर करा आणि ‘अल्बम गेन’ द्या, म्हणजे सगळे तुकडे सारखेच चढतात-उतरतात.

देवगडकर: आणि क्लिपिंग, म्हणजे मर्यादेपलीकडे जाऊन आवाज फाटणं? कॅसेटच्या भजनात सरासरी कमी, पण झांजेचा ठोका शिगेला पोचलेला. ९ डेसिबल चढवलंत की झांज फाटणार, खरखरही तितकीच वाढणार.

वेंगुर्ल्याचो: मग चढवता कशाला, उतरवा. एमपी३गेनच्या क्लिपिंगच्या रकान्यात लाल ‘वाय’ (होय) दिसला तर टार्गेट ८९ ऐवजी ८६ करा, तरी दिसला तर ८३. रिमिक्स खाली येतात, भजन जवळपास तसंच राहतं, उरलेलं ॲम्प्लिफायर भरून काढतो.

कुडाळकर: ८३ फार खाली. स्वस्त कार्डाचा स्वतःचा सूं आवाज असतो, ॲम्प्लिफायर चढवला की भजनाआधी तोच ऐकू येतो. मी ८६ च्या खाली जाणार नाही. शिवाय झांज फाइलमध्ये फाटत नाही, वाजताना फाटते. गेन उतरवला की पुन्हा साफ.

देवगडकर: पण वाजणार तर मंडपातच ना! तेवढं एक भजन ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये घ्या, लिमिटर लावून झांजेचे ठोके दाबा, मग गेन द्या. कॅसेटवरून उतरवलेली वेव्ह (न दाबलेली मूळ फाइल) असेल तर तीच उघडा. एमपी३ वरून परत एमपी३ काढलीत तर दर्जा आणखी घसरतो.

वेंगुर्ल्याचो: व्हॉट्सॲपवर आलेल्या एम४ए या वेगळ्या प्रकारच्या फाइलीतल्या आरत्या एमपी३गेन घेत नाही. त्या आधी वेगळ्या काढा.